शिरक्यातला कऱ्हा

बोईसरच्या पाण्याचा विषय आनंदीबाईंसमोर काढू नये. काढलाच तर आधी घरी फोन करून सांगावं, यायला उशीर होईल म्हणून.

"पाणी म्हणे! अरे, हे पाणी नाही, पातळ चुना आहे चुना," अशी त्यांची सुरुवात. मग गोकुळ इमारतीची बोरिंग, तिच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलचा झालेला दगड, शॉवरच्या चाळीस भोकांतून येणाऱ्या सात धारा आणि त्यातली एक नेमकी भिंतीवर उडणारी, भात शिजवलेल्या पातेल्याला पडलेलं पांढरं कडं. हे सगळं सांगून झालं की माहीमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी. त्यावर समोरच्यानं "माहीम म्हणजे दादरच्या पुढचं ना?" असं विचारलं की संपलं. "केळव्याशेजारचं माहीम! आमचं माहीम! मुंबईवाल्यांनी नाव घेतलं म्हणून आमचं गाव हलत नाही!" तेहतीस वर्षांहून जास्त त्या बोईसरला राहताहेत आणि एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांना किती वेळा बोलावं लागलं, याचा हिशेब नाही. दर वेळी डोकं मात्र नव्यानं फिरतं.

पण नुसती बडबड करून थांबणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. त्यांच्या बाल्कनीत चिनीमातीच्या तीन बरण्या असतात, तोंडाला फडकं बांधलेल्या. त्यात माडीचा शिरका, नारळाच्या ताडीचं व्हिनेगर म्हणा. धाकटा भाऊ धर्माजी माहीमला वाडी सांभाळतो, त्याच्याकडून उरलेली, आंबून गेलेली माडी येते. ती बरणीत घालून महिना-दीड महिना हलवायचीसुद्धा नाही. मग तिचा असा शिरका होतो की झाकण काढताच डोळ्यांत पाणी यावं. पहिल्या मजल्यावरची सून नाक दाबून जिना चढते, पण नळ तुंबला की तीच सून "मावशी, आहात का?" करत दारात. आनंदीबाई काय करतात? फडकं शिरक्यात भिजवतात, नळाच्या तोंडाला गुंडाळतात, वरून प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर. "अर्ध्या तासानं सोडायचं. त्याच्या आधी नाही, नंतर नाही." आणि इथंच सगळ्यांचं अडतं. लोकांना अर्धा तास थांबवत नाही हो! कुणी दहा मिनिटांनी सोडून बघतं आणि म्हणतं, काहीच झालं नाही. कुणी रात्रभर तसंच ठेवून सकाळी नळाची चकाकी घालवून बसतं. एकानं तर चाकूनं खरवडलं. त्याचं नाव आनंदीबाई आजही घेत नाहीत, "तो चाकूवाला" म्हणतात.

ही अर्ध्या तासाची शिकवण मंगळीआत्याची. मंगळी म्हणजे आनंदीबाईंच्या वडिलांची बहीण. विसाव्या वर्षी नवरा माडावरून पडून गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. मागच्या पडवीत तिच्या बरण्या असत. दिवसभर नारळ सोलून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या. त्या चिरा घेऊन ती शिरक्यात हात घाली आणि "स्सऽऽ" करून हसे. "पितळ हाय पोरी, त्याला आंबट लावून इसरू नको. आंबट आधी मळ खातं, मंग पितळ खातं," असं ती म्हणायची. आनंदीबाईंनी ते ऐकलं, लक्षात ठेवलं आणि आता साठीला आल्यावर सगळ्या इमारतीला ऐकवतात. ऐकत कुणी नाही, तो भाग वेगळा.

तर सोमवारी सकाळी माहीमहून फोन आला. धर्माजीची बायको, जमुना. शुक्रवारी तिच्या हेतलचं लग्न.

"बाय, तो कऱ्हा तेवडा हर्षितसंगती धाडून द्या हां. बुधवारी धाडा."

"धाडायचा कशाला? मी येतेच आहे ना गुरुवारी. घेऊन येते."

मग जमुना म्हणाली, "तुमी याच वो. हळदीला या, जेवाला या, चार दिस ऱ्हावा. पन मांडवात कऱ्हा घेऊन पोरीच्या मागं उबं ऱ्हाचं म्हंजे... लोकं बोलतात, बाय. एकुलती पोर हाय माजी. तिच्या मावशीला सांगितलंय मी. कऱ्हा बरा नसंल तर तसंबी सांगा, पालघरातनं नवा आनतो."

समजलं? आनंदीबाईंचे यजमान, हर्षितचे बाबा, जाऊन दोन वर्षं झाली होती. जमुनेनं तो शब्द उच्चारला नाही, पण कपाळाकडे बोट दाखवल्यासारखंच ते होतं.

भाजीवाल्याला कोथिंबिरीच्या एका काडीवरून अर्धा तास उभा करणाऱ्या आनंदीबाई. सोसायटीच्या चेअरमनला बोरिंगच्या मीटिंगमध्ये "तुमच्या डोक्यातच क्षार साचलाय" म्हणणाऱ्या आनंदीबाई. त्या फोनवर "बरं" म्हणाल्या. नुसतं "बरं"! फोन ठेवला आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. ओट्यावरचा डबा आपटला, तो पुन्हा उचलून पुन्हा आपटला. "बरं काय म्हणाले मी? बरं? जीभ झडली होती का माझी?" असं स्वतःलाच विचारत त्या घरभर फिरल्या.

आता हा कऱ्हा म्हणजे काय ते सांगायला हवं. पितळेचा, तांब्याएवढा, बाजूला चोच. लग्नात नवरीच्या मागे करवली उभी असते ना, हातात पाण्याचा कऱ्हा, वर नारळ, आणि मध्येमध्ये बोट बुडवून नवरीच्या डोळ्यांना पाणी लावते, तो. बहुतेक घरांत करवली म्हणजे नवरीची बहीण. आनंदीबाईंच्या माहेरी ती आत्या, आणि घरात येणाऱ्या सुनेच्या मागेही घरचीच लेक. कऱ्हा राहतोही घरच्या लेकीकडेच, सुनेकडे नाही. लग्न लागलं की तो पालघरच्या बाजारात न्यायचा आणि ज्या बाईनं तो धरला तिचं नाव अन् साल त्यावर ठोकून घ्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आनंदीबाईंचं नाव त्यावर तीनदा आहे: १९९७, २००३, २०११. चुलत भावंडांच्या मुलींची लग्नं. भाऊ एकच आणि त्याची मुलगी एकच, म्हणजे हेतलच्या लग्नाची वाट त्या सत्तावीस वर्षं बघत होत्या. दुसऱ्या कुठल्या लग्नात नसता धरला तरी एक वेळ चाललं असतं. ह्या लग्नात मावशी कऱ्हा धरणार आणि सख्खी आत्या पंगतीत श्रीखंड चाटणार? छे!

"मीच नेणार," त्यांनी ठरवलं. "असा लखलखीत करून नेते, बघते कोण माझ्या हातून काढून घेतं."

ठरवलं खरं. कऱ्हा कुठाय?

माळ्यावर नाही, देवघराखालच्या खणात नाही. सापडला तो बाल्कनीच्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनच्या मागे. त्याच्यातून मनी प्लँट बाहेर आलं होतं आणि ग्रिलवरून थेट वरच्या मजल्यापर्यंत गेलं होतं.

"किंजल!"

किंजल त्यांची सून. पोर कामाची, सकाळी सातला शाळेत शिकवायला जाते, पण घरात कुठलंही रिकामं भांडं दिसलं की त्यात काहीतरी लावते. तिनं धावत येऊन पाहिलं आणि ओठ चावला.

"हे लग्नातलं भांडं आहे! मनी प्लँट लावायला दुसरं काही मिळालं नाही? बादल्या संपल्या होत्या?"

"आई, तुम्हीच दिला होता मला तो. बाबा गेल्यावर, तेराव्यानंतर. म्हणालात, माझ्या डोळ्यांसमोरून उचल हा, आता मला काय करायचाय."

म्हणाल्या होत्या. अगदी हेच शब्द. म्हणजे जमुनेनं सोमवारी जे सांगितलं ते त्यांनी स्वतःच दोन वर्षांपूर्वी स्वतःला सांगून टाकलं होतं, कुणी विचारलेलं नसताना. हे आठवलं तेव्हा राग कुणावर काढावा तेच कळेना, म्हणून त्यांनी तो मनी प्लँटवर काढला. मुळासकट उपटलं.

आत बघवत नव्हतं. दोन वर्षं रोज बोरिंगचं पाणी, तेही उन्हात आटणारं. आतून खोबऱ्याएवढा जाड पांढरा थर. बाहेरून पाणी ओघळून ओघळून वाळलेलं, त्याचे पांढरे ओहोळ गळ्यापासून बुडापर्यंत. नावं कुठली अन् सालं कुठली, पितळ आहे हेही चोचीच्या टोकाशीच कळत होतं. "ह्याला लखलखीत करणार होते मी," म्हणून त्या मटकन खाली बसल्या. मग लगेच उठल्या. तीन दिवस हातात होते.

मंगळवारी पहाटेपासून सुरू. अर्धा शिरका, अर्धं कोमट पाणी, कऱ्हा पूर्ण बुडेल अशी बादली. अर्धा तास. मोबाइलवर गजर. काढायचा, जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं चोळायचा, धुवायचा, कोरडा करून जरा विसावू द्यायचा आणि पुन्हा बादलीत. पहिल्या वेळी बुडबुडे आले, थर जेमतेम पिठासारखा सुटला. दुसऱ्या वेळी तेवढाच. पाचव्या वेळी आतून एक पापुद्रा निघाला, नखाएवढा. आनंदीबाईंना वाटलं, त्याचा फोटो काढून चाकूवाल्याला पाठवावा.

संध्याकाळी हर्षितनं वाकून बघितलं. हर्षित तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर आहे, आणि केमिकलची कंपनी म्हटल्यावर त्याला जगातल्या प्रत्येक डागाचं उत्तर ठाऊक असतं.

"आई, अशानं शुक्रवार उजाडेल. आमच्याकडे पाइपलाइनमधला असा थर दहा मिनिटांत जातो."

"तुमच्या पाइपलाइनवर कुणाचं नाव कोरलंय का?"

"नाही, पण..."

"मग गप बस. कंपनीतलं काही ह्या घरात आणायचं नाही. बाटलीत तर मुळीच नाही."

हे वाक्य आनंदीबाई नवऱ्यालाही तीस वर्षं ऐकवत आल्या होत्या. गोकुळमध्ये ज्याच्या त्याच्या घरी कंपनीतून आलेलं काहीतरी बाटलीत असतंच. कोल्ड्रिंकची बाटली, वर चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं "विष". फरशीला, संडासाला, नळाला, सगळ्याला तेच. लोकांचं म्हणणं, कडक ते चांगलं. एवढी चांगली पोरं, बारा-बारा तास केमिकलमध्ये उभी राहतात आणि घरी येऊन तेच सिंकमध्ये ओततात. काय बोलणार! कपाळाला हात लावून आनंदीबाईंचं कपाळ झिजलं.

बुधवारी सकाळी पाव भाग निघाला होता. बादलीत कऱ्हा टाकला, गजर लावला, आणि दारावर थाप. तिसऱ्या मजल्यावरचा चंद्रभान, उत्तर प्रदेशातला, कंपनीत फिटर, खोलीत सहा जण राहतात.

"अम्मा, शावर से एक बूंद नहीं आ रहा. सब लोग ड्यूटी पे जाने वाले हैं."

"आज नको रे बाबा. आज मला मरायलाही वेळ नाही."

"दो मिनट, अम्मा."

दोन मिनिटं! जगात कुणाचंच काम दोन मिनिटांपेक्षा मोठं नसतं. तरी त्या गेल्या, कारण सहा जण बिनआंघोळीचे कामावर जातील हा विचार त्यांना झेपला नाही. शॉवर उघडला, फडकं गुंडाळलं, पिशवी बांधली, "इसको हात लगाया तो देखना" म्हणून दम दिला. जेमतेम वीस मिनिटं.

परत आल्या तर दारातच वास. शिरक्याचा नव्हे. नाकात सुईसारखा घुसणारा, कंपनीच्या रस्त्यावर येतो तसा. हर्षितची दुपारची पाळी होती, तो घरीच होता. सिंकपाशी उभा, हातात रबरी मोजे, चेहऱ्यावर आईला खूश करण्याचा आनंद. सिंकमध्ये कऱ्हा फसफसत होता.

"बघ! पाच मिनिटं पण नाही झाली."

आनंदीबाईंनी त्याला खांद्यानं ढकललं, नळ सोडला, खायच्या सोड्याचा अख्खा डबा ओतला. फेस खाली बसला. पांढरं गेलं होतं, अगदी खरं. चोचीच्या डावीकडची सगळी बाजू स्वच्छ होती आणि गुलाबी होती. पितळेची नव्हे, रताळ्याच्या सालीसारखी फिकी गुलाबी. ॲसिडनं वरचं पितळ खाल्लं होतं, नुसतं तांबं उरलं होतं. आणि त्या गुलाबीवर, नेमकी त्याच बाजूला, त्यांची तिन्ही नावं. १९९७ ची "आनंदी" जेमतेम दिसत होती. २०११ ची बोटाला लागत होती, डोळ्यांना नाही.

"पण पांढरं गेलं ना?" हर्षित म्हणाला.

"गेलं रे, सगळंच गेलं. माझं नावसुद्धा गेलं. बरं झालं. मामीला तेच हवं होतं, तू पाच मिनिटांत करून दाखवलंस. शाबास!"

"मी मुद्दाम केलं का, आई? तू दोन दिवस वाकून बसलीयेस, मला बघवेना."

"न बघवायला काय झालं? मी थांबत होते! थांबणं हे काम असतं, हर्षित! तुम्हा कुणालाच ते काम वाटत नाही!"

आणि मग त्या रडल्या. हर्षितचे बाबा गेले तेव्हा घरात इतकी माणसं होती की कधी रडायचं, कधी थांबायचं, हेही त्यांनीच सांगितलं. आज कुणी सांगायला नव्हतं, त्यामुळे बराच वेळ लागला. शाळेतून आलेल्या किंजलनं सगळं ऐकलं, ॲसिडची बाटली पिशवीत घालून हर्षितच्या हातात दिली आणि म्हणाली, "जिथून आणलीस तिथं परत. आणि पुन्हा घरात दिसली तर मी माहेरी." हर्षित मान खाली घालून कामावर गेला.

आनंदीबाईंना वाटलं, आता पुरे. तसाच पाठवून द्यावा, नाही तर पाठवूच नये. नवा आणा म्हणावं. पण कऱ्ह्याची उजवी बाजू अजून पांढरीच होती, आणि अर्धवट टाकलेलं काम त्यांना कधी सहन झालं नाही. डोळे पुसून त्यांनी फडकं शिरक्यात भिजवलं आणि उजव्या बाजूवर गुंडाळलं. गजर लावला.

ही बाजू त्यांनी आजवर कधी नीट बघितलीच नव्हती. घासली होती, वर्षानुवर्षं घासली होती, पण वाचली नव्हती. आपलं नाव सापडलं की माणूस पुढचं कशाला वाचतो!

गुरुवारी सकाळी दहाच्या उन्हात, बाल्कनीत, तिथला शेवटचा थर निघाला. कापसाच्या बोळ्यानं एकेक अक्षर टिपत आनंदीबाई ओळीओळीनं खाली आल्या. "काशी १९५४." ही आजोबांची बहीण. "काशी १९६१." मग "काशी १९८८," हे आनंदीबाईंचं स्वतःचं लग्न. काशीआजी तेव्हा पार वाकलेली होती, दुसऱ्या वर्षी गेलीच. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, क्षारात गच्च भरलेली.

"किंजल, तुझे डोळे दे गं जरा."

लग्नासाठी रजा घेतलेल्या किंजलनं आगकाडीला कापूस गुंडाळला, शिरक्यात बुडवला, टिपलं. "म... मं... मंगळी. मंगळी एक हजार नऊशे ब्याण्णव. आई, ही कोण?"

आनंदीबाई उत्तर द्यायच्या ऐवजी बोटं मोजायला लागल्या. ब्याण्णव साल. वैशाख. पालघरच्या दवाखान्यात त्या, कुशीत तीन दिवसांचा हर्षित, आणि माहीमला त्याच दुपारी धर्माजीचं लग्न. एकुलत्या भावाचं लग्न चुकलं म्हणून त्या खाटेवर ओक्साबोक्शी रडल्या होत्या. कऱ्हा कुणी धरला हे विचारायचं सुचलंच नाही. कुणीतरी चुलत बहीण असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं.

मंगळीआत्यानं धरला होता. विसाव्या वर्षी विधवा झालेल्या मंगळीआत्यानं. जमुनेच्या लग्नात!

"किंजल, माझी पिशवी भर," त्या म्हणाल्या. "आणि हर्षितला म्हणावं, रजा टाक आणि गाडी काढ. तेवढं तरी कर म्हणावं."

माहीमला पोचल्या तेव्हा मांडव पडला होता, हळदीची तयारी चालली होती, आणि मागच्या पडवीत जमुना नारळ मोजत होती. धर्माजी शेजारी बसून ते सोलत होता. आनंदीबाईंनी वाटेत पंचवीस वाक्यं तयार केली होती. एकही आठवलं नाही. त्यांनी पिशवीतून कऱ्हा काढला आणि जमुनेच्या हातात ठेवला.

"वाच."

"ह्ये गुलाबी काय झालंय?"

"ते तुझ्या भाच्याचं कर्तृत्व. ते सोड. ही बाजू वाच. शेवटचं."

जमुना चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचलं. "मंगळी." पुन्हा वाचलं. साल वाचलं. मग तिनं कऱ्हा मांडीवर ठेवला.

"ह्ये माज्या लग्नातलं?"

"तुझ्याच. मी दवाखान्यात होते."

"पन आत्या तर..." मंगळीआत्याची शेवटची दोन वर्षं जमुनेनंच काढली होती, अंथरुणात. स्वतःच्या हातानं भरवलं होतं. "माजी मान खाली व्हती. मागं कोन हाय ते मला दिसलाच नाय. डोळ्याला बोट लागलं तवा वाटलं, कसं टोचतंय. खडबडीत." तिनं स्वतःच्याच पापणीला हात लावला. "आत्यानं मला कदी सांगितलाबी नाय."

मग दोघींना एकदमच सुचलं आणि दोघींनी धर्माजीकडे बघितलं. तो नारळ सोलत होता.

"तुला ठाऊक होतं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"व्हतं की. बाबांनीच सांगितलं व्हतं तिला, घरची लेक तू हायस, तू धर."

"आणि सोमवारपासून मी तिकडे जीव काढतेय, ही इकडे मावशी ठरवतेय, आणि तू मूग गिळून बसलास? बोलला का नाहीस?"

धर्माजीनं नारळ बाजूला ठेवला. "मला इचारलंत कुटं तुमी?"

देवा! ह्या माणसाला नारळासकट विहिरीत ढकलावं की काय! तेहतीस वर्षांत ह्या दोघी पहिल्यांदा एकाच बाजूला होत्या. जमुनेनं त्याला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत राहिला आणि नारळ सोलत राहिला.

माफीबिफी काही नाही हां. ती आशा आनंदीबाईंनीही ठेवली नव्हती. जमुना उठली, कऱ्हा घेऊन विहिरीवर गेली, दोनदा विसळला, काठोकाठ भरून आणला आणि आनंदीबाईंपुढे धरला. कऱ्ह्यावरची पकड मात्र तिनं लगेच सोडली नाही. एकुलती पोर, भीती एका वाचनात जात नाही.

"बारा वाजून सात मिंटांचा मुहूर्त हाय," ती म्हणाली. "येळेवर उब्या ऱ्हावा. आनि तेवडं झालं की ह्याच्यात बोरिंगचं पानी नका घालू परत."

बोलायची काही गरज होती का? पण आनंदीबाईंनी कऱ्हा घेतला.

शुक्रवारी बारा वाजून सात मिनिटांनी अंतरपाट धरलेला, भटजींचा माइक शिट्या मारतोय, अक्षता उडताहेत, आणि हेतलच्या मागे आनंदीबाई. एका हातात कऱ्हा, गुलाबी बाजू स्वतःकडे, मंगळीआत्याची बाजू लोकांकडे. पुढच्या रांगेत दोन-तीन डोकी एकमेकांच्या कानाला लागली. आनंदीबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, सोसायटीच्या चेअरमनकडे बघतात तसं, आणि ती डोकी सरळ झाली. जमुना मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. तिनं नजर काढली नाही.

आनंदीबाईंनी बोट बुडवलं. वर्षानुवर्षं शिरक्यात घालून घालून त्या बोटाला चिरा पडलेल्या, आणि ह्या तीन दिवसांनी तर पार फुटलेलं. विहिरीचं गार पाणी चिरांत झोंबलं. वाकून त्यांनी ते हेतलच्या पापणीला लावलं.

मुंडावळ्यांखालून हेतल दचकली आणि मान न वळवता पुटपुटली, "आत्या, तूच ना गं? बोट किती टोचतंय तुझं."

"मीच," आनंदीबाई म्हणाल्या. "गप, मान खाली. दुसरा डोळा राहिलाय."